कु. सुमन (नाव बदलले आहे)

१९ नोव्हें. ८८, शनि.

सराव पाठ क्र. १४ झाला. शी.

आठवी ब, इतिहास. माझ्या आधी वाणगावच्या सुनंदाचा पाठ. तिने काल मधल्या सुटीत त्याच वर्गाला तोच धडा एकदा शिकवून ठेवला होता. वर सूचना : उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. त्यामुळे आमच्या बी.एड. कॉलेजच्या लेले बाई मागच्या बाकावर निरीक्षणाला बसल्या आणि सगळा वर्ग हात वर. पोरं आता पक्की झालीत. एकाने मला दारातच विचारलं, "बाई, तुमच्या पाठाला कुठला हात?" म्हटलं, येत असेल तर वर करा, नाहीतर नका करू. नाही केला कोणी.

शेरे. सुनंदाला : 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' मला : 'हेतुकथन अस्पष्ट. वर्ग निष्क्रिय. "हाय" हा उच्चार कटाक्षाने टाळावा.' 'आहे'च्या जागी एकदाच निसटलं तोंडातून. बी.ए.ला दुसरा वर्ग मिळवला, पण सातपाटीची बोली काही जिभेवरून जात नाही.

तरी ले. बाईंचा राग येत नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही की मी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मी आठवीत असताना ले. बाई अशाच सराव पाठाला आमच्या वर्गावर आल्या होत्या. पांढऱ्या साडीला निळा काठ. महिनाभर होत्या. एकदा आमच्या घरीसुद्धा आल्या. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप. सांगेन कधीतरी. एखादा पाठ चांगला झाला की.

२७ नोव्हें., रवि.

समाजसेवेचे गुण मिळवायला आज मासवणला. 'ग्रामस्वच्छता'. आम्ही चाळीस जण, झाडू तीन.

जे अंगण झाडायचं होतं ते त्या घरच्या बाईने पहाटेच सारवून ठेवलेलं. पाहुणे येणार म्हणून. मग झाडायचं काय? प्राचार्यांनी शेजारच्या झाडाखालचा पालापाचोळा आणून पसरायला सांगितला. पसरला. झाडला. फोटो निघाला. माझ्या हातात झाडू आला नाही, मी टोपली धरली. त्या बाईने सगळ्यांना कोरा चहा दिला आणि आम्ही गेल्यावर ती पुन्हा सारवणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

अहवाल लिहायचा आहे. 'ग्रामस्थांत स्वच्छतेविषयी जागृती निर्माण झाली.' लिहिला. माझ्याच हाताने. किळस आली अक्षराची.

५ डिसें., सोम.

केस स्टडी जाहीर. प्रत्येकाने एक 'समस्याग्रस्त विद्यार्थी' निवडायचा, घरी भेट द्यायची, दहा मुद्द्यांत लिहायचं. कौटुंबिक पार्श्वभूमी, वर्तन, समस्या, निदान, उपाय, निष्कर्ष वगैरे. तपासणार ले. बाई. त्यांची सही नसेल तर फेब्रुवारीतल्या वार्षिक पाठाला बसू देणार नाहीत, आणि वार्षिक पाठ नाही तर बी.एड. नाही. बोईसरच्या शाळेने सांगून ठेवलंय की जूनपर्यंत पदवी हातात असेल तर या, नाहीतर दुसरी बघू. म्हणजे सही हवीच.

सुनंदा म्हणाली, "घाबरतेस कशाला? एक वही आहे. दरवर्षी सगळे तीच उतरवतात. नाव, गाव बदलायचं. उद्या-परवा आणते."

ले. बाई वर्गात म्हणाल्या, "मूल समजून घ्या. मुलाच्या घरात शिरल्याशिवाय मूल कळत नाही." केवढं बरं वाटलं ऐकून. नाही उतरवणार म्हटलं. नुसती बघेन, कशी लिहितात ती.

९ डिसें., शुक्र.

वही पाहिली.

'कु. सुमन (नाव बदलले आहे), इयत्ता आठवी, वय १३. वडील मच्छीमार. आई टोपली घेऊन बाजारात मासळी विकते. विद्यार्थिनी डावरी. डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.'

इथपर्यंत वाचून हसले. म्हटलं, अगदी माझ्यासारखीच...

'खोटे बोलण्याची सवय. वडिलांसोबत बोटीने मुंबईस गेल्याचे व तीन दिवस समुद्रावर राहिल्याचे वर्गात सांगते.'

गेले होते. दिवाळीच्या सुटीत. बाबांनी नेलं होतं. वर्गात ले. बाईंनी 'माझा प्रवास' सांगायला लावलं तेव्हा मी तेच सांगितलं. त्या 'छान' म्हणाल्या होत्या.

'गृहभेट : घरात शिरताच असह्य दुर्गंधी. स्वच्छतेचा संपूर्ण अभाव. चहा देण्यात आला, तो घेणे अशक्य झाले. वडील व्यसनी, मुलीस मारहाण करतात.'

'निष्कर्ष : बुद्धिमत्ता सामान्याहून कमी. उच्च शिक्षणाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ. शिवणकामासारख्या हस्तव्यवसायाकडे वळवावे.'

सुनंदा म्हणाली, "काय गं, पांढरी का पडलीस?" मी म्हटलं, उन्हातून आले.

१० डिसें., शनि.

काल जेवले नाही. आज सकाळी बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, मी आठवीत असताना एक बाई घरी आल्या होत्या, आठवतात?

"ती गोरी? हाय की आठवन. बरी व्हती बाई. जाल्याची गाठ मारायला शिकली माज्याकडं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदी बराबर."

आई आतून म्हणाली, "मी लग्नातली कपबशी काडली व्हती तिच्यासाठी. दोन कप प्यायली चा."

बाबांनी आयुष्यात ताडीसुद्धा घेतलेली नाही. वास सोसत नाही म्हणतात. मारणं तर सोडाच. भुवईवरचा व्रण मी ओंडक्यावर पडले तेव्हाचा, आणि त्या दिवशी मला उचलून दवाखान्यापर्यंत धावले होते ते.

"का गो? भेटली काय ती?"

"नाय. असंच."

१४ डिसें., बुध.

कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या केस स्टडीज्‌चं कपाट आहे. संदर्भ हवा म्हणून चावी मागितली. दुपारभर धुळीत बसले.

नऊ सुमन सापडल्या. नाव कुठे सुमन, कुठे सुलभा, कुठे शकुंतला, पण व्रण तोच, बोट तीच. एका वहीत वडील दारू पितात. एकीत बुडून मेलेले. एकीत आईच पळून गेलेली. एकाने मला आदिवासी पाड्यावरची करून टाकलंय, बोट तेवढी काढायची विसरला. कोणीही कोणाच्याही घरी गेलेलं नाही. सगळ्यांना अ श्रेणी.

सगळ्यात खाली मूळ वही. तपकिरी कागदाचं वेष्टन. अक्षर ओळखलं, माझ्या प्रत्येक पाठाखाली असतं तेच. कोपऱ्यात तेव्हाच्या सरांनी तांबड्या शाईत : 'आदर्श नमुना. जतन करावा.'

मुळात वडील व्यसनी नाहीत. मारहाण नाही. ते नंतरच्यांनी घातलं. मनात म्हटलं, देवा, बाकीचंही नसू दे.

होतं. दुर्गंधी होती. खोटे बोलण्याची सवय होती. चहा घेणे अशक्य झाले, हेही होतं. शिवणकाम होतं.

मूळ वही पिशवीत घातली, कपाट बंद केलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

१६ डिसें., शुक्र.

आज गेलेच. ले. बाई त्यांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. मी मूळ वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "बाई, ही सुमन म्हणजे मी."

त्यांना आधी कळेना. मग चष्मा काढून माझ्या भुवईकडे पाहिलं.

"म्हणजे... ती बोटीवाली?"

"हो. मी खरंच गेले होते बोटीने."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "अगं, मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची. पहिल्यांदा लिहिलं होतं ते चांगलंच लिहिलं होतं. सरांनी वही परत केली. म्हणाले, यात समस्या कुठे आहे? समस्येशिवाय केस स्टडी कसली? मग मी... वाढवलं थोडं."

"चहा दोन कप घेतला होतात तुम्ही."

"चहाचं काही आठवत नाही बाई मला."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं माफी मागणार. म्हणाल्या, "पण बघ ना, किती छान झालं! तू शिकलीस, इथवर आलीस. तू याचा अनुवर्ती अभ्यास का लिहीत नाहीस? बारा वर्षांनी सुमन कुठे आहे? मार्गदर्शनाने काय घडू शकतं? मी परिसंवादात वाचेन. तृतीय पुरुषी लिही, 'ती' म्हणून. भावना नकोत."

मार्गदर्शनाने.

मी "बघते" म्हटलं. बघते! वही उचलली, नमस्कार करून बाहेर आले. एस.टी. स्टँडवर दोन गाड्या सोडून दिल्या. त्यांची जास्त किळस आली की माझ्या त्या नमस्काराची, ठरवता येईना.

१० जाने. ८९, मंगळ.

बोईसरच्या एका शाळेत दोन आठवडे सलग शिकवणं. केस स्टडीला मुलगी मीच निवडायची ठरवली. खरी.

रेखा. आठवी क. वडील बीडकडचे, एमआयडीसीत कामाला. राहायला सरावलीला. वर्गात तोंड उघडत नाही, शनिवारी हमखास गैरहजर. वर्गशिक्षक म्हणाले, "मंद आहे. घ्या ती, तुम्हाला बरी मिळाली."

बरी मिळाली. बाजारात पापलेट निवडावं तसं.

२१ जाने., शनि.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सरावलीला गेले. आजही रेखा नव्हतीच. खोली सापडेना. एका कामगाराने दाखवली : "मास्टरनीजी, वो जिसके आगे पीला ड्रम रखा है, वोही."

आत पाय टाकला आणि नाकात काहीतरी उग्र शिरलं. डोळ्यांत पाणी. रेखाचे वडील रातपाळी करून झोपलेले, कोपरापर्यंत हात पिवळेजर्द. रंगाच्या कारखान्यात आहेत. दोरीवर कपडे, तेही पिवळे. आणि माझ्या मनात पहिलं वाक्य तयार झालं ते हे : 'घरात शिरताच उग्र दर्प.'

तिथेच उभी राहिले. मी! कपाटापुढे बसून हात धुणारी मी.

रेखाच्या आईने बसायला पाट दिला. चहा केला. संपूर्ण प्यायले. दुसरा मागून घेतला. साखर जास्त होती, घशाखाली उतरत नव्हता, तरी प्यायले.

शनिवारचं विचारलं. ती म्हणाली, "बाई, सनवारची शाळा सकाळची असती. नळाला पानीबी सकाळीच येतंय, साताला. मी सा वाजताच कामावर जाते, हे रातपाळीनं आठाला येत्यात. मंग हांडं कोन भरनार? इतर दिशी शाळा दुपारची, तवा जमतंय."

झालं. इतकंच. नळ.

"आन् बोलत का न्हाई म्हनता? बोलली की पोरं हसत्यात. आमचं बोलनं येगळं हाय ना. घरी लई बोलती."

रेखा म्हणाली, "आये, गप ना."

तो या महिन्यात तिच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द.

२७ जाने., शुक्र.

केस स्टडी लिहून दिली. चार पानं. ज्यांना नळ कळतो त्यांना पुरेशी.

सायंकाळी परत मिळाली. ले. बाई म्हणाल्या, "विमल, समस्या मानसिक असावी लागते. नळ ही समस्या नव्हे."

"तिची तीच आहे बाई."

"निदानाचा रकाना रिकामा आहे. न्यूनगंड लिही. भित्रेपणा लिही. उपायात समुपदेशन."

"उपाय लिहिलाय. शनिवारी दुपारची शाळा भरवावी किंवा नळाची वेळ बदलावी."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, थकल्यासारख्या हसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, वार्षिक पाठांची यादी तेराला लागते. तू तो सुमनचा अनुवर्ती अभ्यास मला दे, मी यावर सही करते. दोघींचंही होईल."

म्हणजे एका मुलीच्या बदल्यात दुसरी.

सुनंदाला सांगितलं. ती सुमनची वही उतरवून कधीच मोकळी झाली होती, सहीसुद्धा मिळाली. सुमन म्हणजे मी, हे आज तिला पहिल्यांदा कळलं. रडली. मग म्हणाली, "पण आता काय गं करू? सही झालीय माझी." खरं आहे. काय करणार? नंतर म्हणाली, "तू पण लिही काहीतरी. आधी पास हो. मग शिकव हवं तसं." सगळे हेच म्हणतात. ले. बाईंनाही तेव्हा कोणीतरी हेच म्हणालं असणार.

४ फेब्रु., शनि.

पुन्हा सरावलीला. जे लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. अशी पद्धत कुठल्या पुस्तकात नाही.

रेखाची आई दारात बसून ऐकत होती. एका ठिकाणी रेखाने थांबवलं. "मी मोठी न्हाई बाई, माझ्यावर एक भाऊ हाय. गावाला असतो." दुरुस्त केलं. बघा, एवढं करूनही चुकलेच होते.

संपल्यावर तिची आई म्हणाली, "ह्यात आमचं नाव कुटं हाय?"

"नाव बदलायचं असतं. तसा नियम आहे."

"का? आमी काय चोरी केली का?"

नियम मुलांच्या भल्यासाठी आहे, तेही मला माहीत आहे. पण माझं नाव बदललं होतं म्हणून तर नऊ जणांनी मला हवं तसं वापरलं. म्हटलं, रेखाला विचारा. रेखा म्हणाली, "माझंच टाका."

टाकलं. तिच्यासमोर, तिच्या पेनाने.

६ फेब्रु., सोम.

बाबांना सगळं सांगितलं. मूळ वही वाचून दाखवली, दुर्गंधीसकट. आई चुलीपाशी होती, ती बाहेर आलीच नाही. भांडी मात्र जोरात वाजत होती.

बाबा सुईत दोरा भरत ऐकत राहिले. मग म्हणाले, "वास तर येतोच आपल्या घराला. त्यात काय खोटं? खोटं ह्ये, का तिनी चा घेतला नाय."

थोड्या वेळाने : "आनि तू खोटं बोलतंस, ह्ये का लिवलं तिनी? मी व्हतो ना बोटीवर. मला इचारायचं."

त्यांचा आवाज चढला नाही. त्यापेक्षा चढला असता तर बरं.

१० फेब्रु., शुक्र.

अनुवर्ती अभ्यास लिहिला. तृतीय पुरुषी सुरू केला होता. 'ती आज पदवीधर असून...' तिसऱ्या ओळीला पेन ठेवून दिलं. फाडला. दुसरा लिहिला : 'कु. सुमन म्हणजे मी. या अभ्यासात मला कोणीही काहीही विचारले नव्हते, ते येथे लिहीत आहे.' मग एकेक मुद्दा. बोट. चहा. शिवणकाम. (मला आजही धड टाका घालता येत नाही.) भावना घातल्या नाहीत. घालायची गरजच पडली नाही.

दुपारी दोन्ही वह्या ले. बाईंपुढे ठेवल्या. म्हटलं, "परिसंवादात हा मी स्वतः वाचेन. नाहीतर कोणी वाचू नये."

त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर बसल्या. शेवटी रेखाची वही उघडली, नाव पाहिलं.

"खरं नाव?"

"त्यांना हवं होतं."

"विमल, तू मला माझ्या नोकरीत अडचणीत आणते आहेस."

"हो बाई."

दोन्ही वह्या खणात ठेवून त्यांनी खण लावला. सही केली की नाही, दिसलं नाही. म्हणाल्या, "जा तू आता." मी दारात पोचल्यावर मागून : "तुझी आई... बरी असते का?"

बरी असते म्हटलं. आणखी काही विचारलं नाही त्यांनी, मीही थांबले नाही. गेले दोन महिने वाटत होतं, एकदा तोंडावर बोलले की मोकळी होईन. नाही झाले. उलट त्यांचे ते खणाला किल्ली लावणारे हात डोळ्यांपुढून जात नाहीत. दया आली आणि त्या दयेचाही संताप आला.

१३ फेब्रु., सोम.

यादी लागली. सकाळी अकरा वाजता लागणार होती, दुपारी दोनला लागली. प्राचार्यांच्या खोलीचं दार तोवर बंद. आत ले. बाई होत्या, म्हणे दीड तास.

सगळी नावं टंकलेली. माझं नाही. पुन्हा वाचली. शेवटी खाली, कागदाच्या कडेला, पेन्सिलीने : 'कु. विमल तामोरे. आठवी ब. इतिहास. तिसरी तासिका.' अक्षर ले. बाईंचं. बाजूला प्राचार्यांची सही नाही, म्हणजे अजून पक्कं नाही.

शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "माला काय ठाव नाय, ताई. यादी लावल्यावर बाई स्वता येऊन लिवून गेली."

ले. बाई घरी निघून गेल्या होत्या. प्राचार्य उद्या भेटतील म्हणाले. पाठ परवा आहे.

सुनंदाने पेन काढलं. "गिरवू का वरून?" मी नको म्हटलं.

पाठ टाचण काढायला घेतलंय. प्रस्तावना झाली. हेतुकथनाशी, आज काय शिकायचं ते वर्गाला सांगायच्या वाक्याशी, पेन अडलंय.